उघड्या जीपचा आवाज

४ फेब्रुवारी

खोपडेमाळच्या वाडीवस्तीवरच्या माणसांनो, तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याला कधीच काही वेळेवर सांगितलं जात नाही. धरणाचं पाणी कुठवर चढणार ते चढल्यावर कळलं. रस्ता कुणाच्या बांधावरून जाणार ते दगड रोवल्यावर कळलं. आता तुमच्या गुरांचं गायरान निघालंय, आणि तेही तुम्हाला कुंपण पडल्यावरच कळावं, अशी सोय केलेली आहे.

मी वहीतसुद्धा भाषणच करते, असं सोमनाथ म्हणतात. नवऱ्याचं सगळंच मनावर घ्यायचं नसतं.

मुद्दा लिहून ठेवते. खोपडेमाळचं गायरान एका रिसॉर्टवाल्याला भाडेपट्ट्याने द्यायला गावाची ना-हरकत हवी आहे. मागच्या ग्रामसभेला कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली. कायदा असा की तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे बावीस तारखेला जे समोर बसलेले असतील, तेच गावाचं ठरवणार. गावठाणातल्यांना नोकऱ्या कबूल केल्या आहेत, ते येतीलच. गुरं आहेत वरच्या वस्त्यांवर, आणि तिथे मोबाईलला रेंज नाही. वर्तमानपत्र तर पुडीला गुंडाळून जाईल तेवढंच.

माझ्याकडे आमची जुनी जीप आहे, हूड काढलेली, मागे भोंगा बांधलेला. सोमनाथ चालवतात, मी उभी राहून बोलते. वीस-बावीस वर्षं वेल्हे आणि भोर याच जीपमधून हलवलं आहे. आज पहिली फेरी केली. खालच्या रस्त्यावरून वरच्या वस्त्यांना तारीख सांगत गेले. डोंगराने माझाच आवाज माझ्या अंगावर परत टाकला. येताना फाट्यावर चहा प्यायला थांबलो, तर टपरीवाला विचारतो, "ताई, चादरी कितीला लावल्या?"

आवाज सुधारल्याशिवाय ही लढाई होणार नाही.

७ फेब्रुवारी

नसरापूरला इंद्रजितच्या दुकानात गेलो. गाड्यांना स्पीकर बसवून देतो. हायवेवरच्या निम्म्या गाड्या त्याच्याकडूनच धडधडत बाहेर पडतात. नवरदेवाच्या उघड्या गाड्या ही त्याची खासियत.

"ताई, उघड्या गाडीचा एकच रोग," तो म्हणाला. "वर छप्पर नाही, त्यामुळे बेस थांबतच नाही, उडून जातो. तो वाढवायला लागतो. डबल डबा टाकू मागं?"

"मला वरात काढायची नाही. मला शब्द पोचवायचे आहेत."

"शब्द तर कुनी ऐकतच न्हाई ताई आजकाल."

"म्हणूनच आलेय तुझ्याकडे."

तो हसला, पण मग नीट लक्ष घालून कामाला लागला. आवाज वाढवणारं जुनं मशीन काढून नवीन, मोठं बसवलं. पुढे दोन स्पीकर वाढवले, म्हणजे माझं बोलणं मलाही ऐकू येईल. बोलणाऱ्याला स्वतःचा सूर कळला नाही तर तो नुसता ओरडत सुटतो. मी माईक हातात घेऊन तारीख, वेळ, विषय म्हणून पाहिलं. आवाज मोठा होता, पण मऊ. शब्दांच्या कडा बोथट. मी म्हटलं, ट्रेबल वाढव. त्याने वाढवला. अजून वाढव म्हटलं. शेजारचा फळवाला कानावर हात ठेवून उठून गेला. रिक्षात बसलेल्या बायका मागे वळून बघायला लागल्या. मला मात्र भिजलेल्या कापडातून आल्यासारखंच वाटत होतं.

"अजून?" इंद्रजितने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, सोमनाथांकडे बघून.

"राहू दे एवढंच," सोमनाथ म्हणाले.

बायको बोलत असताना नवऱ्याला विचारायची ही आपल्याकडची रीत. येताना नसरापूर ते भोर मी त्यावर बोलत होते.

९ फेब्रुवारी

नवीन मशीनसह फेरी. भोंग्याजवळ उभं राहिलं की आता छातीत हादरा बसतो. इंजिन, वारा, कशाचंही काही चालत नाही त्याच्यापुढे.

वरच्या वस्तीच्या खाली आलो तेव्हा कड्यावर माणसं उभी होती. बायाही होत्या. तोंडापाशी हात धरून बघत होती. मी गायरानाबद्दल बोलते आहे, त्यांच्या गुरांच्या तोंडचा घास जातो आहे, आणि ही माणसं सकाळी नऊला जांभया देतात. अशा वेळी फार राग येतो. लोकांसाठी बोलायचं आणि लोक दगडासारखे उभे.

सोमनाथांनी गाडीचा वेग कमी केला. "काहीतरी म्हणतायत," ते माझ्या पदराला धरून म्हणाले.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ह्या भोंग्यात कुणाला काय ऐकू येतंय? पण हात बघ की."

"चला हो. अजून चार वस्त्या उरकायच्यात."

१० फेब्रुवारी

भोरच्या वाचनालयातून ध्वनीवरचं एक जाड पुस्तक आणलं. वाचून चीड आली ती स्वतःची. मी चार दिवस आवाज वाढवत होते आणि खरा चोर गाडीतच होता. दारांचे पत्रे. स्पीकर वाजला की मोकळा पत्रा त्याच्याबरोबर थरथरतो आणि शब्दांत खरखर मिसळतो. शिवाय पुढचे दोन्ही स्पीकर गुडघ्यापाशी. उघड्या गाडीत आवाज गुडघ्यापाशी सोडला तर वारा तो तिथूनच पळवतो.

११ फेब्रुवारी

दिवसभर जीपचं काम. दारांच्या आतल्या फळ्या उघडल्या. जुनं घोंगडं होतं, त्याचे तुकडे करून डिंकाने आत चिकटवले, भोकं बुजवली. सोमनाथ म्हणाले, "माझ्या आज्याचं घोंगडं आहे ते."

"तुमचे आजोबा गुराखीच होते ना? मग ते गायरानाच्याच कामी आलं."

त्यांनी डिंकाचा डबा माझ्याकडे सरकवला.

स्पीकर गुडघ्यापासून काढून समोर काचेखाली बसवले, तोंड वर, कानाच्या रोखाने. माईकला स्पंजची टोपी घातली, म्हणजे वाऱ्याचं फूत्कारणं आत जाणार नाही. मागच्या बाकामागे ताडपत्रीचा आडोसा ताणला, कारण उघड्या जीपमध्ये वारा समोरून कमी आणि मागून वळून जास्त मारतो. भोंग्याचं तोंड डोंगरावरून काढून तिरकं केलं, प्रतिध्वनी कमी होण्यासाठी.

संध्याकाळी चालवून पाहिली. पत्र्याची खरखर पूर्ण गेली. सोमनाथ दूर बांधावर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही अंगठे दाखवले. मला अजून ती कड मिळत नाही. स, श, त, ही अक्षरं कुठे जातात कोण जाणे.

रात्री सोनियाचा फोन. लेक पुण्यात नर्स आहे, बोलते भराभर. मी दोनदा म्हटलं की तुझ्या फोनचा आवाज फुटतोय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, बाबांना दे. ते फोन घेऊन ओट्यावर गेले आणि बराच वेळ बोलत होते.

१३ फेब्रुवारी



सोमनाथांना ताप, म्हणून मी एकटी जीप घेऊन निघाले. घाटाच्या वळणावर माईक एका हातात, स्टिअरिंग दुसऱ्यात. रस्ता मोकळा होता. मी गाडी थोडी उजवीकडे घेतली, खड्डा चुकवायला. आणि एकदम लाल भिंतच शेजारी आली. एसटी. तिने डोंगराच्या बाजूला अंग घासत ब्रेक मारला, माझं चाक दरीच्या कठड्याला लागलं. कठड्याचे दगड खाली गेलेले मी पाहिले. त्यांचा आवाज मात्र आला नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. पांढराफटक पडला होता.

"मावशी, मागल्या वळणापास्नं हॉर्न मारतोय मी. कान घरी ठिवून आलाव व्हय?"

"भोंगा चालू होता," मी म्हटलं.

"भोंगा तर तुमी कवाच बंद केलाय की. माईक मांडीत पडलाय तुमच्या."

माईक खरंच मांडीत होता. वारा फार होता. उघड्या गाडीत वारा कानाच्या पाळ्यांवर सारखा थापा मारतो, त्यात मागचा हॉर्न कोणालाही ऐकू येणार नाही. पुस्तकात तसं दिलेलं आहे.

सोमनाथांना सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

सोमनाथांना कळलं. एसटीचा कंडक्टर भोरचाच. त्यांनी जीपची किल्ली कमरेला बांधली आहे.

"आता तू एकटी जायचं नाहीस."

"मी कुणाची परवानगी मागितलेली नाही."

"मी देत पण नाही. किल्ली देत नाही, एवढंच."

मी म्हटलं, सभा आठवड्यावर आली आहे. आवाज अजून नीट झालेला नाही आणि तुम्हाला किल्ल्या सुचतात.

ते म्हणाले, "आवाज नीट झालाय. ह्याच्याहून चांगला आवाज ह्या तालुक्यात कुठल्या गाडीचा नाही. इंद्रजितला विचार, कुणालाही विचार."

"मग मला का नाही तसं वाटत?"

त्यांनी ताट वाढलं. मग म्हणाले, "पुढारीणबाई, जेवून घ्या." सोमनाथ अलीकडे पुटपुटतात फार. वयाने होत असावं.

१६ फेब्रुवारी

वेल्ह्यात उपसरपंच कोंडिबा भेटला. याच माणसाने रिसॉर्टवाल्याला गायरान फिरवून दाखवलं. गाडी मोठी, काचा काळ्या, आत बसलं की बाहेरचं जग बंद. काच खाली करून हसला.

"ताई, गाडी काय वाजतीय तुमची. पोरं नाचत्यात."

"नाचू देत. बावीसला सभेला घेऊन येते त्यांना."

"आना की. येनाऱ्याला कोन नगं म्हनतंय?" आणि काच वर करता करता म्हणाला, "तुमी बोलत ऱ्हावा. तुमच्यासारखं बोलनारं मानूस लागतंच."

हे त्याचं गोड बोलणं मला दिवसभर टोचत आहे. हरणारा माणूस असं बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

वरच्या वस्तीच्या वळणावर तिथलीच म्हातारी बाळाबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. सोमनाथांनी गाडी थांबवली, तरी ती बाजूला होईना. तिचे ओठ हलत होते. तिने विळ्याने भोंग्याकडे दाखवलं. सोमनाथांनी मशीन बंद केलं, मग इंजिन बंद केलं. ती अगदी माझ्यासमोर येऊन बोलायला लागली.

"किती हाळ्या द्याच्या गं तुला? नरडं बसलं माझं."

"मावशी, कसल्या हाळ्या?"

"कसल्या म्हंजे? दर येळंला कड्यावर येऊन देतोय की समदी. म्या, माजी सून, गेनू. तू बगतीस, आनि जातीस." तिने भारा खाली टाकला. "हितली रीत हाय बाई. ह्या डोंगरावनं हाळी दिली की गप ऱ्हायाचं. त्या डोंगरावनं हाळी आली की मंग निरोप सांगायचा. मान्सानं व्हय म्हनल्याबिगर निरोप देत न्हाईत. तुज्या आयेनं न्हाई शिकवलं?"

माझं माहेर आंबवडे. तिथे घराला घर लागून. हाळी देण्याइतकं लांब कोणी राहतच नाही.

"काय विचारत होता तुम्ही?"

"हेच, का सभा बावीसला हाय का फुडल्या म्हैन्यात? कोंडिबा येऊन सांगून गेला, फुडं गेली म्हून. तू बावीस म्हनतीस. आमी ईचारलं, खरं कुनाचं? तू काय बी न बोलता गेलीस. एकदा न्हाई, चार डाव. मंग लोक म्हनले, तिलाबी ठावं न्हाई, ती आपली वाजवत फिरतीय."

मी जीपचा दांडा घट्ट धरून उभी होते.

"आनि बावीसला तर उत्रोलीला लगीन हाय गेनूच्या पोरीचं," ती म्हणाली. "पाच बी वस्त्या चालल्यात टेम्पोनं. कोंडिबानंच टेम्पो दिलाय, फुकाट."

सोमनाथ खाली उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

मी तिला सांगितलं, सभा बावीसलाच आहे, अकरा वाजता, समाजमंदिरात. मी शपथ घेतली. बाळाबाई म्हणाली, "मला पटलं. बाकीच्या चार वस्त्यांस्नी कोन पटवनार? त्यांचा इस्वास उडालाय तुज्यावरनं."

पुढच्या वस्तीखाली गेलो. भोंगा बंद, इंजिन बंद. मी तोंडापाशी हात धरून हाळी दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मग गप्प राहिले, रीतीप्रमाणे. वारा पडलेला होता. कड्यावर दोन माणसं आली, त्यांनी तोंडापाशी हात नेले. मी वाट बघत राहिले.

"सांग की," सोमनाथ म्हणाले. "हाळी आली."

"कुठे?"

"आली, सुलक्षणा. दोनदा आली."

मी कड्याकडे बघत राहिले. तेवढ्यात त्या माणसांनी परत हात तोंडापाशी नेले, आणि जीपमागच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले.

१९ फेब्रुवारी

काही लिहिण्यासारखं नाही. दोन वस्त्या केल्या. मी हाळी देते. सोमनाथ ऐकतात, माझ्या समोर येऊन सांगतात, मी उत्तर देते. लोक फार प्रश्न विचारतात. इतकी वर्षं विचारत असतील का?

२१ फेब्रुवारी

शेवटची वस्ती. त्यांनी काहीच वचन दिलं नाही. सोमनाथ म्हणाले, वरून आलं ते एवढंच, "बगू." लग्नाचा मुहूर्त दुपारचा, टेम्पो सकाळी निघणार, आणि टेम्पोचा ड्रायव्हर कोंडिबाच्या भावकीतला. तो गाडी समाजमंदिराकडे वळवेल कशाला?

मी उद्याचं भाषण लिहायला बसले आणि नुसती बसूनच राहिले.

२२ फेब्रुवारी

समाजमंदिर अर्धं भरलेलं. सगळे गावठाणातले. अकरा वाजता सरपंचांनी विषय वाचला, कोंडिबा शेजारी हाताची घडी घालून बसला होता. वस्त्यांवरचं एकही माणूस नाही. सोमनाथ बाहेर आवारात, जीपपाशी.

मी बोलायला उठले. भूमिहीनाची गाय कुठे चरते, इथपासून सुरुवात केली. माझा आवाज मला लांबून येत होता. मध्येच मागच्या रांगेतून कोणीतरी काहीतरी विचारलं. ओठ हलले, बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोलत राहिले. हशा पिकला. तो मला दिसला.

कोंडिबा उठला. तो समोरच होता, त्याचं सगळं कळलं. "ताईस्नी ऐकायचं न्हाई. ताईस्नी निस्तं बोलायचंय. घ्या मत."

मी आजवर शेकडो सभा केल्या. कधी जीभ अडखळली नाही. आज अडखळली. मग म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही. ज्यांनी विचारलं त्यांनी पुढे यावं आणि माझ्या समोर उभं राहून विचारावं. मी उत्तर दिल्याशिवाय मत घेता येणार नाही."

हशा थांबला. एक तरुण बाई पुढे आली. तिने विचारलं, "गायरान न्हाई दिलं तर माज्या पोराला काम कोन देनार?"

वीस वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता, किंवा मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, त्याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. पण रिसॉर्टवाल्याने काम लिहून दिलंय का, ते सरपंचांना विचारा. तिने विचारलं. सरपंच कागद चाळायला लागले. दुसरा पुढे आला. मग तिसरी. प्रत्येकजण उठून, चालत, माझ्यासमोर येऊन बोलत होता आणि कोंडिबा घड्याळ बघत होता.

"बास झालं," तो म्हणाला. सरपंचांनी मान डोलावली आणि हात वर करायला सांगण्यासाठी उभे राहिले.

मला काही ऐकू आलं नाही. फक्त सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळलेल्या दिसल्या. दाराबाहेर सोमनाथ जीपच्या बॉनेटवर चढून उभे होते, दोन्ही हात वर.

मग माणसं आत यायला लागली. फेटे बांधलेले पुरुष, नऊवारी नेसलेल्या बाया, नाकात नथी, हातात आहेराच्या पिशव्या. गेनूच्या अंगावर मुलीच्या बापाचा नवा कोट. पाचही वस्त्या. बसायला जागा उरली नाही. बाळाबाई सगळ्यात पुढे आली आणि कोंडिबाकडे बघून म्हणाली, "तुज्या भावकीतलं पोरगं लई गुनी हाय. गाडी वळीव म्हनलं, वळीवली. समद्या बाया खाली उतरून रस्त्यावर बसल्यावर वळीवली, पर वळीवली."

हात वर झाले. मोजणाऱ्याने दोनदा मोजले. ना-हरकत नामंजूर. ठरावावर सभेच्या अध्यक्षाची सही लागते, ती सरपंचांनी केली.

जाताना बाळाबाई कोंडिबाला म्हणाली, "चल की लगनाला. टेम्पो तुजाच हाय."

२३ फेब्रुवारी

सोनिया सकाळी आली. तिला मी सांगितलं की उघड्या गाडीच्या वाऱ्याने कान बसलेत. ती हसली नाही. गुरुवारी पुण्याला तपासणी आहे. जायचं कबूल केलं आहे. बहुतेक.

दुपारी सोमनाथ आणि मी जीपचं मोठं मशीन काढून इंद्रजितला परत दिलं. घोंगडं दारात तसंच ठेवलं. भोंगा एकच ठेवला, लहान. रिसॉर्टवाला परत येणार आहे, दुसऱ्या गावात, दुसरा कागद घेऊन. फेऱ्या थांबणार नाहीत.

म्हणून ही नोंद, पुढच्या फेरीत पहिल्या वळणावर वाचून दाखवण्यासाठी.

वेल्ह्या-भोरच्या डोंगरावरच्या माणसांनो, तुम्हाला कोणी काही सांगत नाही, हे गाऱ्हाणं खरं आहे. पण तुम्ही सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हे त्याहून खरं आहे, आणि त्या न ऐकणाऱ्यांत मीही होते. माझी उघडी जीप वळणावर दिसली की हाळी देऊन थांबू नका. कड्याच्या टोकाला या आणि दोन्ही हात वर करा. मी गाडी बंद करून वर येईन.